एकच बातमी, पाच घरं: कुणाला कसं लिहू?

राजारामपुरीची_आई

नमस्कार मंडळी.

मुलीचं लग्न ठरलंय. मुलगा निपाणीचा. दोघांनी नोंदणी लग्न करायचं ठरवलं, विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस देऊन झाली, तीन साक्षीदारही ठरले. सहीआधी घरी देवक आणि हळद, सहीनंतर घरातल्या माणसांचं जेवण, एवढंच. हॉल नाही, वरात नाही, आहेर घ्यायचा नाही, द्यायचा नाही. आम्हा नवराबायकोला हे मनापासून पटलंय, त्यामुळे "करावं का" हा प्रश्न इथं नाही.

प्रश्न आहे सांगायचा. आमच्या घराण्यात असं लग्न पहिलंच. फोनवर सांगायला गेलं की पहिल्या मिनिटात "असं का?" सुरू होतं, आणि रागात तोंडातून गेलेला शब्द मग दोघांनाही माघारी घेता येत नाही. पत्रात माणसाला वाचून गप्प बसायला वेळ मिळतो. म्हणून हातानं पत्रं लिहायची ठरवली, प्रत्येकाला वेगळं.

थोरले दीर गडहिंग्लजला असतात, निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. मायना चुकला तर पत्र पुढं वाचणार नाहीत. आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची बहीण, आजऱ्याजवळच्या खेड्यात. चौथीपर्यंत शिकलेल्या, आता डोळ्यांना कमी दिसतं, नातू वाचून दाखवतो. माझी कॉलेजातली मैत्रीण पुण्यात. पुतण्या बंगळूरला नोकरीला, इंग्रजी शाळेत शिकलेला, मराठी वाचतो पण अडखळत. आणि निपाणीच्या होणाऱ्या विहीणबाई, ज्यांना मी मोजकंच भेटले आहे.

मैत्रिणीचं पत्र एका बसणीत झालं, ते पोस्टातही पडलं. बाकी चार अडलीत. आत्याबाईंसाठी लिहिलेला मजकूर देते:

"ती. आत्याबाईंस, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. हिचा विवाह नोंदणी पद्धतीने करण्याचे योजिले आहे. अनावश्यक खर्च टाळून साधेपणाने हा सोहळा संपन्न करण्याचा उभयतांचा मानस असून आपण मोठ्या मनाने संमती द्यावी ही नम्र विनंती."

शुद्धलेखनाची चूक नाही, अनादर नाही. तरी हे पत्र त्यांना लागू पडणार नाही असं मला सारखं वाटतंय. तुम्ही कसं लिहिलं असतं?

---

हिरण्यकेशी_काठ

अभिनंदन! मी गडहिंग्लजचाच, आणि शिक्षकही, त्यामुळे आबांच्या पत्रापासून सुरुवात करतो.

थोरल्या दिरांना "तीर्थरूप" लिहा की "तीर्थस्वरूप", यावर घराघरांत वाद आहेत. शाळेत आम्ही शिकवायचो ते असं: आईवडील आणि घरातली वडीलधारी माणसं तीर्थरूप, जी वडिलांच्या जागी मानली ती तीर्थस्वरूप. दीर घरातलेच, तेव्हा "तीर्थरूप आबांस, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष". आणि हे पूर्ण अक्षरांत लिहा. "शि. सा. न. वि. वि." लिहिलंत तरी चालतं, पण ज्या माणसाचा मायन्यावर जीव आहे त्याला तुम्ही ती अक्षरं लिहायला बसलात हे दिसलं पाहिजे.

मायन्याला कुणी रिकामा उपचार म्हणू नये. मोडीतली जुनी पत्रं वाचायचा मला नाद आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. जुन्या पत्रात पहिली ओळ आणि शेवटची ओळ वाचली की कोण कुणाला लिहितोय ते कळतं. हाताखालच्या माणसाला लिहिलेलं पत्र "जाणिजे" म्हणून थांबतं. वरच्याला लिहिलेलं "हे विज्ञापना" म्हणून. बरोबरीच्या माणसाकडं लोभ मागितला जातो. मधला मजकूर कितीही कठोर असो, कडेच्या या दोन ओळी दोघांमधलं अंतर ठरवून टाकतात आणि मग मधे मोकळेपणानं बोलता येतं. आबांच्या पत्रात त्याचा फायदा घ्या. मायना पूर्ण, शेवट पूर्ण, आणि मध्ये सरळ बातमी.

सरळ म्हणजे पहिल्याच वाक्यात. "इकडील सर्व क्षेम" नंतर हवापाणी, ऊस, पाऊस आणि तिसऱ्या परिच्छेदात लग्न, असं करू नका. मुख्याध्यापक माणूस आहे, आयुष्यभर अर्ज वाचलेत. मुद्दा लांबला की काहीतरी लपवलंय असं त्यांना वाटेल.

आणखी एक. त्यांची संमती मागू नका, कारण ठरून गेलंय. ठरलेल्या गोष्टीला संमती मागणं हा त्यांचा अपमान होईल. त्यांच्याकडं दुसरं काहीतरी मागा, जे खरोखर त्यांच्या हातात आहे.

---

कागलची_माहेरवाशीण

आत्याबाईंच्या पत्राबद्दल.

तुम्ही ते आत्याबाईंना लिहिलंय, पण वाचणार नातू आहे. "उभयतांचा मानस असून" हे तो पोरगा कसा वाचेल याचा विचार करा. अडखळेल, दोनदा वाचेल, आणि आत्याबाई मधेच विचारतील, "म्हंजे काय म्हनती?" मग तो त्याला समजलंय ते त्याच्या शब्दांत सांगेल. म्हणजे तुमची बातमी शेवटी नातवाच्या तोंडून जाणार: "काय न्हाई, लगीन कोर्टात हाय." झालं.

जे पत्र ऐकलं जाणार ते ऐकण्यासाठीच लिहायला हवं. एका वाक्यात एकच गोष्ट. क्रियापद लवकर यावं. लिहून झालं की घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून ऐका.

मी तर म्हणेन सरळ आपल्या बोलीत लिहा. "आत्याबाई, मी बरी हाय. तुमची लई आठवण येती. पोरीचं लगीन ठरलं बगा." आपल्याकडं बायका घरात "मी आलो, मी जेवलो" असंच बोलतात, मग पत्रात "मी आले" कशाला? त्यांच्या कानाला जे रोजचं तेच कागदावर येऊ दे.

---

पन्हाळा_पायथा

वरच्या प्रतिसादातल्या पहिल्या अर्ध्या भागाशी पूर्ण सहमत, दुसऱ्याशी अजिबात नाही.

माझी आजी दुसरी शिकलेली. तिला मुंबईच्या मामांची पत्रं यायची. एका मामानं एकदा हौसेनं सगळं पत्र गावच्या बोलीत लिहिलं. आजी ऐकून गप्प झाली आणि म्हणाली, "माझ्यासाठी एवढंच शिकला व्हय?" तिला वाटलं, आपण अडाणी म्हणून आपल्याला अडाण्यासारखं लिहिलं. बोलायची भाषा वेगळी आणि पत्राची वेगळी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पत्र आलं की ती पदर सावरून बसायची. त्या बसण्याला शोभेल अशीच भाषा तिला हवी असायची.

जी बाई आयुष्यभर शेतात राबली, तिच्या नावानं घरी कागद येतो, त्यावर "तीर्थरूप" लिहिलेलं असतं, हा मान आहे. बोलीत लिहून आपण जवळीक दाखवतोय असं आपल्याला वाटतं, पण तो मान आपण काढून घेत असतो. फोनवर बोलीतच बोला, समोर बसून बोलीतच बोला. कागदावर मात्र व्याकरण पुस्तकातलं आणि शब्द त्यांच्या घरातले असं ठेवा. "सोहळा संपन्न करणे" काढा, "लग्न करणार आहोत" लिहा. "अनावश्यक खर्च टाळून" काढा, "मांडव घालणार नाही" लिहा. मांडव, देवक, हळद, पंगत हे त्यांचे शब्द आहेत. यातलं काय होणार आणि काय होणार नाही हेच त्यांना ऐकायचंय.

---

कागलची_माहेरवाशीण

@पन्हाळा_पायथा, आजीचं वाक्य वाचून थांबले. माझ्या आत्यानं कधी असं म्हटलं नाही, पण ती माझ्याशी लहानपणापासून बोलीतच बोलते, आणि मी आईला लिहावं तसं तिला लिहिते. म्हणजे नात्यावर आहे. राजारामपुरीच्या आई सून आहेत. सुनेनं बोलीत लिहिणं आणि भाचीनं लिहिणं यात फरक पडेल, हे मान्य. पण "मांडव घालणार नाही" हे वाक्य एकटं सोडू नका हो. नाही, नाही, नाही अशी यादी ऐकली की म्हाताऱ्या माणसाला वाटतं घरात काहीतरी वाईट घडलंय. आधी काय आहे ते सांगा.

---

शिरोळ_तालुका

लिफाफ्यावर आत्याबाईंचं नाव कसं लिहिणार? त्यांचे यजमान हयात नसतील असं धरून विचारतो. "गं. भा." (गंगाभागीरथी, विधवेच्या नावाआधी लावतात ते) लिहिणार असाल तर आधी विचार करा.

आमच्या तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ठराव केला: नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, तिथल्या पाकिटावर बाईच्या नावाआधी तिचं वैधव्य लिहून पाठवायचं, हे मला सहन होत नाही. पोस्टमनपासून नातवापर्यंत सगळ्यांना ते पहिलं दिसतं. "श्रीमती" लिहा. आत पत्रात तर "ती. आत्याबाईंस" पुरेसं आहे, त्यात सगळं येतं.

---

भुदरगडकर

तुमची तळमळ बरोबर आहे, पण माझ्या आईला "श्रीमती" नको असतं. तिच्या लेखी ते ऑफिसातलं. वडील गेल्यावर तिच्या बहिणी तिला गं. भा. लिहीत आल्या, आणि ते तिला मानाचं वाटतं. मी तिला हेरवाडचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं झालं, पन माझं हाय तसं राहू दे." मग मी कोण बदलणारा?

---

शिरोळ_तालुका

तिनं मागितलं तर जरूर लिहा. माझा आक्षेप न विचारता लिहिण्याला आहे. राजारामपुरीच्या आईंनी नातवाला फोन करून विचारावं, एका मिनिटाचं काम.

---

टपाल_36_वर्षं

डाक खात्यात नोकरी केली, म्हणून थोडं कागदाबद्दल.

असली बातमी पोस्टकार्डावर लिहू नका. 50 पैशांचं कार्ड उघडं असतं. गावात ते वाटेतच वाचलं जातं आणि आत्याबाईंच्या आधी चावडीला कळतं. शिवाय म्हाताऱ्या माणसांच्या मनात कार्डाबद्दल धास्ती असते, कारण मयताची बातमी कार्डावर यायची, कोपरा फाडलेला असायचा आणि वाचून झालं की कार्ड घरात ठेवत नसत. 2 रुपये 50 पैशांचं आंतरदेशीय चालेल, पण त्यात दुसरा कागद घालता येत नाही आणि जागा मोजकी. तुम्ही पाकीटच वापरा. मंगल पत्र आहे, वरच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावा. वाचता न येणाऱ्या माणसालाही पाकीट हातात घेतल्याबरोबर कळतं की आत चांगली बातमी आहे. तुमच्या पत्राचं पहिलं वाक्य तेच.

निपाणीचा पिन 5 नं सुरू होतो, आपला 4 नं. सवयीनं 4 लिहून टाकणारे मी खूप पाहिलेत. आणि आत्याबाईंच्या पत्त्यात नातवाचं नाव घालू नका. पत्र त्यांच्या नावानं जाऊ दे.

---

एपीओ_56

मी सैनिक टाकळीच्या शेजारच्या गावची. आमच्याकडं घरटी माणूस फौजेत. वडिलांना पत्र "मार्फत 56 एपीओ" (लष्कराचं टपाल कार्यालय) असं जायचं, ते नेमके कुठं आहेत हे आम्हाला ठाऊक नसायचं. आई सांगायची आणि मी लिहायची. ती सांगताना रडायची, पण मला म्हणायची, "हे लिहू नको, तिथं एकटा असतोय." म्हैस आटली, विहिरीची मोटर जळाली, यातलं काही जायचं नाही. मी मोठी झाल्यावर वडील म्हणाले की त्या पत्रांवरून त्यांना घरचं काहीच कळायचं नाही, आणि त्याचीच काळजी जास्त वाटायची. सगळं गोड लिहिलेलं पत्र फौजी माणसाला खरं वाटत नाही. बराकीतल्या दुसऱ्या कुणाच्या पत्रात "मोटर जळाली, भावानं भरून आणली" असं असायचं, आणि तो माणूस निवांत झोपायचा.

हे सांगायचं कारण तुमचा पुतण्या. लांब एकटा राहणाऱ्या पोराला फक्त आनंदाची बातमी देऊ नका. आबा रागावतील अशी भीती वाटते, हे त्याला लिहा. त्याला घरातला मोठा माणूस समजून लिहिलंत तर तो अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचेल. अक्षर मोठं काढा, जोडाक्षरं कमी असतील तर बरं. रोमन लिपीत मात्र लिहू नका, तसलं तो मोबाइलवर रोज वाचतो.

---

निपाणीवाला

मी निपाणीचा, त्यामुळे विहीणबाईंच्या पत्रात रस आहे. त्यांच्यासाठीचा मसुदा टाका की.

---

राजारामपुरीची_आई

एवढे मनापासून प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे दोनदा वाचले. विहीणबाईंचा मसुदा हा:

"आमच्या मुलीस आपल्या पदरात घ्यावे. ती अजाण आहे. तिच्या हातून काही कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे. आमच्याकडून मानपानात काही उणे राहिल्यास क्षमा असावी."

माझ्या आईनं माझ्या सासूबाईंना असंच लिहिलं होतं, म्हणून हात तिकडंच वळला.

---

निपाणीवाला

ताई, हे पत्र पाठवू नका. रागावू नका, पण स्पष्ट सांगतो.

दोघं शिकलेली, कमावती असतील. मानपान नको हे दोन्ही घरांनी मिळून ठरवलंय. आणि पत्रात तुम्ही मानपानाची माफी मागताय, म्हणजे तो मागायचा हक्क त्यांना परत देताय. विहीणबाई कितीही चांगल्या असोत, हे पत्र त्यांच्या घरात चार बायका वाचतील, जपून ठेवतील, आणि उद्या काही झालं तर "तिच्या आईनंच लिहिलंय, अजाण आहे" हे वाक्य तुमच्या मुलीसमोर येईल. पत्रातला नम्रपणा लिहिणाऱ्यापुरता राहत नाही. इथं तो तुम्ही मुलीच्या वतीनं दाखवताय, आणि तिला विचारलेलं नाही.

बरोबरीनं लिहा. "सौ. ताईंस, सप्रेम नमस्कार." त्यांच्या मुलाबद्दल तुम्हाला काय आवडलं ते लिहा, एखादी खरी गोष्ट. तुमच्या मुलीबद्दलही तसंच, तिला काय येतं, तिला काय आवडतं. आणि जेवणाला कुणी काय करायचं ते विचारा. आमच्याकडच्या बायकांना कामाचं बोललं की परकेपणा जातो.

---

पन्हाळा_पायथा

निपाणीवाल्यांना जोरदार अनुमोदन. "पदरात घ्यावे" हे आपल्या आयांनी नाइलाजानं लिहिलं. त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं.

---

हिरण्यकेशी_काठ

मीही सहमत. मायन्याचा मी एवढा आग्रह धरणारा, पण हा मायना नाही, ही शरणागती आहे. जुन्या पत्रांत बरोबरीच्या माणसाकडं लोभ मागत, हे वर लिहिलंच आहे. "लोभ आहेच, तो वाढावा" असा शेवट करा.

---

राजारामपुरीची_आई

मुलीला मसुदा दाखवला. "अजाण" वाचून ती काही बोलली नाही, उठून गेली. तो कागद बाजूला टाकला आणि नवीन पत्र दोघींनी मिळून लिहिलं. ते इथं देत नाही, ते विहीणबाईंचं आहे. एवढं सांगते, की त्यांच्या मुलानं आमच्या घरी पहिल्यांदा जेवल्यावर स्वतःचं ताट उचलून धुतलं, ते त्यात आहे. आणि दोन्हीकडचं मिळून जेवण करू, तुमच्याकडची भाजी आणि आमच्याकडचा पांढरा रस्सा, असं विचारलंय.

आबांना पूर्ण मायना लिहिला, पहिल्या वाक्यात बातमी दिली. मागायचं काय, यावर बराच विचार केला. तीन साक्षीदारांपैकी एक आमचा शेजारी होता. त्याच्याशी बोलून त्याची जागा आबांना मागितली: "आपली सही असावी अशी आम्हां सर्वांची इच्छा आहे." ते येतील की नाही माहीत नाही, पण विनंती खरी आहे.

पुतण्याला आबांच्या रागाची भीती कळवली. दोन दिवसांत त्याचा फोन आला. म्हणाला, "काकू, मी आधी गडहिंग्लजला जाऊन येऊ का?"

नातवाला विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "नुसतं आत्याबाई लिव्ह, पोस्टमनला म्हाईत हाय." तेव्हा पाकिटावर त्यांचं पूर्ण नाव, आधी काहीच नाही. आतलं पत्र असं:

"तीर्थरूप आत्याबाईंस, साष्टांग नमस्कार.

आनंदाची बातमी आहे. तुमच्या नातीचं लग्न ठरलं. मुलगा निपाणीचा. घर चांगलं आहे. मुलगा शांत आहे, कष्टाळू आहे. मी त्याला पाहिलं आहे, मला आवडला.

लग्न सरकारी कचेरीत सही करून होईल. त्याआधी घरी देवक बसवणार आहे. हळद आपल्याच अंगणात लावणार. सहीनंतर घरी पंगत आहे. मोठा मांडव आणि वरात नाही. पोरांचीच तशी इच्छा आहे. कर्ज नाही, अडचण नाही, कुणी आजारी नाही.

माझ्या लग्नात माझी ओटी तुम्ही भरली होती. हिचीही तुम्हीच भरावी. तुमच्याशिवाय हळद लागणार नाही.

रविवारी सकाळी अकराला हळद आहे. तुमची वाट बघते.

तुमची सून"

नवऱ्यानं मोठ्यानं वाचलं, मी ऐकलं. "बघते" की "बघतो" यावर घरात चर्चा झाली. "बघते" ठेवलं.

---

कागलची_माहेरवाशीण

"कर्ज नाही, अडचण नाही, कुणी आजारी नाही" हे फार बरं केलंत. त्या हेच विचारणार होत्या. "कुणी रुसलंय का" हेही त्यांच्या मनात येईल, पण ते लिहू नका. पुतण्या गडहिंग्लजला जातोय, ते होऊ दे आधी.

---

टपाल_36_वर्षं

पत्र उत्तम. एकच राहिलं. आत्याबाईंना न्यायला कोण येणार, कधी येणार, ते लिहिलेलं नाही. डोळ्यांना कमी दिसणारी बाई "वाट बघते" ऐकून पहिल्यांदा एसटीचा विचार करेल आणि जमणार नाही म्हणून मनातल्या मनात नको म्हणून टाकेल. तारीखही घाला, नुसतं रविवारी लिहिलंय.

---

राजारामपुरीची_आई

तारीख घातली. "शनिवारी दुपारी थोरला मुलगा गाडी घेऊन येईल. तुमच्याबरोबर नातवालाही घेऊन यायचं आहे. दोन दिवस राहायच्या तयारीनं या," एवढं वाढवलं. आज टपालात टाकते.